उघड्या पोटाचा कॉम्प्युटर

मी केदारखेड्याच्या साधनाबाईचा कॉम्प्युटर बोलतोय. बटण दाबायच्या भानगडीत पडू नका, मी चालू होत नाही. पण मनातलं सांगून टाकायला काय हरकत आहे?

मी मूळचा जालन्यातल्या एका खासगी क्लासचा. नवा होतो तेव्हा काय थाट होता! अंगावर कापडी झूल, आत यायचं तर चपला बाहेर. मग माझ्याहून चपळ मशिनी आल्या आणि मी माळ्यावर गेलो. क्लास बंद पडला तेव्हा राधेश्यामनं मला भंगारातून उचललं. तो साधनाचा दीर, जाफराबादला मोबाईल दुरुस्त करतो.

साधनाचा नवरा भोकरदनला सरकारी कचेरीत होता. तो गेला आणि अनुकंपावर ती कारकून म्हणून लागली. अट एकच, मुदतीत मराठी टायपिंगची परीक्षा पास व्हायची, नाहीतर नोकरी गेली. आधी नापास झालेली, आता दिवाळीआधीची परीक्षा शेवटची. ऑफिस सुटल्यावर क्लासला गेलं तर गावची बस चुकायची. घरात ती आणि सासू चांगुणाबाई, दोघींचं पोट त्याच पगारावर. म्हणून मला आणलं.

"वैनी, याला विंडोज न्हाई झेपायची," राधेश्याम म्हणाला. "लिनक्स टाकतो. म्हाताऱ्या मशीनला हलकी पडते."

हलकी म्हणे! पहिला पेनड्राइव्ह लावला, तर नवी सिस्टीम माझ्या जुन्या प्रोसेसरवर बसायलाच तयार नाही. त्यानं शोधून जुनी आवृत्ती आणली. ती बसली, पण पडदा काळा ठिक्कर, कारण माझं ग्राफिक कार्ड तिला ओळखूच येईना. राधेश्याम रविवारी यायचा, मोबाईलवर लोकांचे सल्ले वाचायचा, कायकाय टाइप करायचा आणि कपाळाला हात लावायचा. "हे तं डोकंच खाऊन राह्यलं," म्हणायचा. मला फार वाईट वाटायचं हो. मुद्दाम कोण करतं असं?

पडदा उजळला, तर नेट चालेना. पोटातला सेल मेला होता, त्यामुळे दर सकाळी मी क्लासातल्या जमान्यातलीच तारीख सांगायचो आणि कुठलीच साइट मला दारात उभं करायची नाही. त्यानं सेल बदलला, परीक्षेत असतो तसा मराठी कीबोर्ड बसवला. साधनानं पहिली ओळ टाइप केली तेव्हा चांगुणाबाई जवळ येऊन बघत राहिली. "उमटलं की गं बाई!"

एक दुखणं मात्र राहिलं. माझा पंखा बंद पडलेला आणि तसला कुठं मिळेना. तापलो की मी गप्प व्हायचो. शेवटी राधेश्यामनं बाजूचं झाकण काढून मला आडवं निजवलं, पोट वर करून. "हवा लागू द्या, वैनी. वर काही ठेवायचं न्हाई." चांगुणाबाई तेव्हा शेजारी गेल्ती. तिला वेगळं सांगायचं कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

साधनाचा हात बसत गेला. मलाही वाटायला लागलं, जमतंय आता पोरीला.

खंडेनवमी आली. चांगुणाबाईनं विळा, खुरपं, कुऱ्हाड धुऊन मांडली. साधनाचा सराव चालू होता, तेवढ्यात नळाला पाणी आलं म्हणून ती मला तसाच सोडून हंडा घेऊन पळाली. "ज्याच्यावर घर चालायचं त्याला पूजा नको का?" म्हणत म्हातारी माझ्याकडं वळली. हळदकुंकू वाहिलं, झेंडूचं फूल ठेवलं, नारळ फोडला. "माझ्या सुनेला पास कर रे बाबा," म्हणाली आणि नारळाचं पाणी विळ्या-खुरप्यावर शिंपडून मंग माझ्या उघड्या पोटावर शिंपडलं. माझ्यावर जरा जास्तच, कारण मी मुख्य.

चट्ट झालं. जळका वास आला. पडदा गेला. तिला वाटलं, लाईट गेली.

साधना आली आणि दारातच थबकली. छताचा पंखा गरगरत होता, म्हणजे लाईट होती. चांगुणाबाईनं तिच्या हातावर खोबरं ठेवलं. "घे, आता तू पास झालीसच." साधनानं ते खाल्लं.

राधेश्यामनं मला तपासलं, आतली ओली हळद पाहिली, वहिनीकडं पाहिलं. तिनं, सांगू नका, अशी मान हलवली. "म्हातारं झाल्तं, आई," तो म्हणाला. "आज ना उद्या जाणारच होतं."

दुसरं मशीन मिळालं नाही. साधना माझा मुका कीबोर्ड मांडीवर घेऊन सराव करायची. चुकलं की बरोबर आलं, तिला कळायचंच नाही. परीक्षेत ती नापास झाली. नोकरी गेली. आता ती लोकांचा कापूस वेचायला जाते.

म्हातारी दुपारी माझ्याशेजारी बसते. "एवढी तुझी पूजा केली मी. पोरगी कशी रे नापास झाली?"

येत्या रविवारी राधेश्याम मला भंगारात देणार आहे. भंगारवाले दादा, मला फोडाल तेव्हा बोर्डावर वाळलेली हळद दिसेल. ती बोटानं पुसून टाका. आणि केदारखेड्याचं कुणी भेटलं, तर सांगा, मी म्हातारपणानं गेलो.