मला इस्त्री केली त्या दुपारपासून

मी एक स्वेटर बोलतोय. लोक मला लोकरीचा म्हणतात, पण माझ्या सात पिढ्यांत मेंढी नाही. मी ॲक्रिलिकचा. कारखान्यात कसल्याशा चिकट द्रवाचे बारीक तंतू ओढले, ते कातले, रंगवले आणि गुंडे करून दुकानात पाठवले. आईबापांविषयी एवढंच सांगता येईल. आधीच सांगितलं, म्हणजे मागाहून फसवल्यासारखं वाटायला नको. आता वय झालं. लपवाछपवी करायचं त्राण उरलेलं नाही.

ते दुकान बटणं, चेन, अस्तर असलं सटरफटर विकणारं होतं. एके दिवशी संध्याकाळी एक बाई आली. घरात तिला सगळे सूनबाई म्हणतात, म्हणून मीही तेच म्हणतो. तिने माझा एक गुंडा उचलला आणि चक्क स्वतःच्या मानेवर घासला.

"टोचत नाही ना ही?"

"टोचली तर परत आणा," दुकानदार म्हणाला. "धुवा, पिळा, आपटा, हिला काही होत नाही. कपडे कुरतडणारी कसरसुद्धा लागत नाही. कसरीलाही काही चव आहे की नाही!"

सूनबाई हसली आणि चॉकलेटी रंगाचे आठ गुंडे घेऊन निघाली.

घरी तीन माणसं. सूनबाईचा नवरा पुलांच्या कामावर, महिना महिना बाहेर. घरात सूनबाई, तिचे सासरे अण्णा आणि नणंद ताई. अण्णांनी उभा जन्म घड्याळं दुरुस्त केली. आता थंडी पडली की त्यांच्याच छातीत घरघर सुरू व्हायची. डॉक्टरांनी बजावलं होतं, छाती उघडी ठेवू नका. पण अण्णांच्या अंगाला लोकर लागली की पाठीवर गांधी उठायच्या आणि खाजवून खाजवून रक्त निघायचं.

ताई म्हणजे अण्णांची थोरली मुलगी. शाळेत तीस वर्षं मुलींना विणकाम शिकवून निवृत्त झालेल्या. दर थंडीत त्यांनी अण्णांसाठी अस्सल लोकरीचा एक स्वेटर विणला होता. असे सहा स्वेटर कपाटात होते. अण्णा प्रत्येक स्वेटर हातात घेऊन म्हणायचे, "वा! हा ठेवणीतला. बाहेर जाताना घालीन." आणि अण्णा कुठे बाहेर जातच नसत. मुलीचं मन मोडवत नव्हतं त्यांना. ताईंना मात्र वाटायचं, म्हातारपणी हट्टी झालेत.

ताईंनी मला पाहिलं ते नाक मुरडूनच.

"हे काय आणलंस?"

"लोकर."

"लोकर? अगं, बादली वितळवून केली आहे ही!"

"अण्णांना टोचणार नाही, ताई."

"टोचायला अंगात जीव लागतो," ताई म्हणाल्या आणि पुन्हा पेपरात डोकं घातलं.

सूनबाई दातांच्या दवाखान्यात नंबर पुकारायचं काम करायची. घरी वेळ कुठला? म्हणून मी विणला गेलो तो दवाखान्यात, टेबलाच्या खणात लपून. आत डॉक्टरांचं यंत्र गुर्रर्र करायला लागलं की तिचे टाके घट्ट पडायचे आणि थांबलं की सैल. त्यात धातूच्या सुयांवर मी किचकिच आवाज करतो. ती माझी जन्मखोडच आहे.

"बाई, बारा नंबर कधी घेणार?"

"एवढी ओळ झाली की हं, काका."

"माझी दाढ ओळ संपेपर्यंत थांबेल का, विचारून बघा जरा."

अशा चेष्टा ऐकत, एका थंडीच्या सुरुवातीला मी पुरा झालो. देखणा नव्हतो. खालचा काठ कातरलेल्या कागदासारखा वर वळत होता. डावी बाही उजवीपेक्षा दोन बोटं आखूड होती. पण अंग भरदार, काठ चिवट. अण्णांनी माझ्यावर हात फिरवला आणि मग, जरा भीत भीत, गालाला लावला.

"हा टोचत नाही गं," ते म्हणाले. आवाज लहान मुलासारखा झाला होता.

"उद्यापासून घालायचा हं, अण्णा. आज बटणं लावते." सूनबाई मला खुर्चीवर ठेवून कामाला गेली.

ताई दारातून हे पाहत होत्या. सहा स्वेटरांत जे वाक्य त्यांनी एकदाही ऐकलं नव्हतं, ते त्या दिवशी ऐकलं.

दुपारी अण्णा झोपले तेव्हा ताई माझ्याजवळ आल्या. मला वाटलं, आता माझी खैर नाही. पण त्यांनी माझा वळलेला काठ बोटांनी सरळ केला आणि पुटपुटल्या, "हात वाईट नाही पोरीचा. नुसतं शेवटचं करायला कुणी शिकवलं नाही." मग त्यांनी टेबलावर चादर अंथरली, ओलं फडकं पिळून माझ्यावर पसरलं आणि इस्त्री तापत ठेवली. शाळेत त्या मुलींना सांगायच्या, इस्त्रीशिवाय विणकाम म्हणजे वेणी न घातलेलं डोकं. लोकरीला वाफ दिली की टाके जागच्या जागी बसतात, काठ सरळ होतो. तीस वर्षांत हे कधी चुकलं नव्हतं.

माझ्या गुंड्याच्या कागदी पट्टीवर इस्त्रीचं चित्र होतं आणि त्यावर फुली. पण ती पट्टी सूनबाईने पहिल्याच दिवशी बसच्या तिकिटाबरोबर फेकून दिली होती.

ताईंनी आधी डाव्या बाहीवर इस्त्री दाबली, बाही ओढून लांब करायला. मग खालच्या काठावर. खोटं कशाला सांगू, त्यांचा हात मायेचा होता. पण लोकर वाफेत सुखावते आणि आमच्यासारख्यांचा वाफेत जीव जातो. माझ्या धाग्यांतली ताणून परत येण्याची जी ताकद, ती त्या दोन मिनिटांत वितळून गेली. ताईंनी मला उचललं तेव्हा बाही ओल्या फडक्यासारखी लोंबली. काठ चिवटपणा सोडून झालरीसारखा पसरला. वर एक मेलेली चमक आली.

ताईंनी मला गार पाण्यात बुडवलं. पिळलं. उन्हात धरलं. पुन्हा बुडवलं. लोकर असती तर परत आली असती. मी आलो नाही.

संध्याकाळी सूनबाई बटणं घेऊन आली. मला पाहून ती चपला काढायलाच विसरली.

"हे काय झालं?"

ताईंनी तोंड उघडलं, मिटलं आणि मग म्हणाल्या, "तरी मी सांगत होते. धुतला नि हा असा पसरला. ह्या प्लास्टिकचं असंच असतं."

मला वाचा असती तर! मी बादलीत शंभर वेळा धुतला गेलो असतो तरी मला काही झालं नसतं. तोच तर माझा एक गुण. आणि नेमका त्याच गुणावर आळ आला.

सूनबाई भांडली नाही. "माझीच चूक," एवढंच म्हणाली. तिने बटणं लावली आणि अण्णांनी मला घातलं. बाही बोटांच्या टोकांपर्यंत यायची, ती ते तीनदा दुमडायचे. "मस्त आहे," म्हणायचे. टोचत नव्हतो हे खरं. पण खालून काठ उघडा पडलेला, वारा सरळ आत शिरायचा आणि मी नुसता बघत राहायचो.

दोन दिवसांनी सूनबाईने सुया आणि उरलेला गुंडा ताईंच्या हातात ठेवला.

"तुमच्याकडेच असू द्या, ताई. माझा हात नाही ह्यात."

ताईंनी सुया घेतल्या. पण त्या दिवसापासून त्यांना घास गोड लागेना. मला पाहिलं की नजर चुकवायच्या. मी दोरीवर वाळत असलो तर त्या गॅलरीत यायच्याच नाहीत.

तीन आठवडे असे गेले. मग थंडी कडाक्याची पडली आणि अण्णांची छाती भरली. डॉक्टर आले, नळी लावून ऐकलं, माझा काठ दोन बोटांत धरला आणि म्हणाले, "हा कसला स्वेटर? ह्यातून तर सगळी हवा आत जाते."

डॉक्टर गेल्यावर सूनबाईने अण्णांना रजई दिली आणि मला खांद्यावर टाकून ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. "ताई, मी उगाच शहाणपणा केला," ती म्हणाली. "मला येत नव्हतं तर करायलाच नको होतं. त्यांना काही झालं तर माझ्यामुळे होईल."

ताई पाण्याचं भांडं घेऊन दारात होत्या. ते भांडं त्यांनी खाली ठेवलं.

"तुझ्यामुळे नाही. इस्त्री केली मी त्याला."

"काय?"

"धुतला नव्हता. इस्त्री केली. मला वाटलं, काठ बसेल. लोकरीचा बसतो."

सूनबाई ओट्यापासून वळली. मला वाटलं, आता ती म्हणेल, जाऊ द्या ताई. ती तसं म्हणाली नाही.

"तीन आठवडे?" ती म्हणाली. "तीन आठवडे मी रोज स्वतःला बोल लावतेय आणि तुम्ही समोर बसून जेवताय? त्याच दिवशी सांगितलं असतंत तर एव्हाना दुसरा विणून झाला असता! इस्त्रीचं काही नाही, ताई. चुकलं असेल. पण तुम्ही मला खुशाल मूर्ख ठरू दिलंत."

"हो," ताई म्हणाल्या. "दिलं." आणि खाली बसल्या.

आतून अण्णा खोकले. दोघींनी एकदम तिकडे पाहिलं.

थोड्या वेळाने ताई उठल्या, त्यांनी मला सूनबाईच्या खांद्यावरून घेतलं आणि टेबलावर पसरलं. "अंग शाबूत आहे त्याचं," त्या म्हणाल्या. "मेला आहे तो काठ आणि डावी बाही. काठ कापायचा, वरचे जिवंत टाके सुईवर घ्यायचे आणि खाली नवा विणायचा, बाहीचंही तसंच. मला येतं. पण मला हे टाके दिसत नाहीत गं आता. चॉकलेटी रंगात तर मुळीच नाही." त्यांनी सुया पुढे केल्या. "तू घे. मी सांगते."

सूनबाईने बराच वेळ सुयांना हात लावला नाही. मग घेतल्या, पण ताईंकडे न पाहता.

माझ्यावर कात्री चालली. त्याचं दुःख नाही, तो भाग केव्हाच गेला होता. उरलेला गुंडा पुरेना आणि दुकानात चॉकलेटी संपलेली. मग निळी आणली. तीसुद्धा ॲक्रिलिकची, आणि आणायला ताई स्वतः गेल्या.

"दोन सुलट, दोन उलट. घट्ट नको."

"माहीत आहे."

"माहीत आहे तर मग हा टाका कुणी गाळला?"

"तुम्ही बोलत बसता मध्ये."

पहिल्या दिवशी एवढंच बोलणं. चौथ्या दिवशी सूनबाईने दवाखान्यातल्या दाढवाल्या काकांची गोष्ट सांगितली आणि ताई हसल्या. पण तो राग पुरा गेला असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी पुन्हा विणल्या तरी वेगळ्या रंगाच्याच राहतात.

पाचव्या दिवशी मी अण्णांच्या अंगावर चढलो. निळा काठ कमरेला आणि निळी बाही मनगटाला गच्च बसली. ती थंडी त्यांनी काढली. पुढच्या तीनही काढल्या. नंतरच्या वर्षी उन्हाळ्यात ते गेले, तेव्हा मी घडी होऊन उशाशी होतो.

आता मला बारा वर्षं झाली. माझे दोष मला पाठ आहेत. अंगभर गोळे येतात. उकाड्यात घाम धरून ठेवतो. कोरड्या हवेत अंगावरून काढताना चटचट ठिणग्या उडवतो. विस्तवाजवळ मला नेऊ नका, मी नुसता जळत नाही, वितळून कातडीला चिकटतो. आणि सगळ्यांत मोठा दोष म्हणजे मला नीट संपताही येत नाही. लोकर मातीत मिसळून जाते. ताईंच्या सहा स्वेटरांची कसरीने चाळण केली, ते सुटले. मी आहेच.

हल्ली मला ताई घालतात. मी बाईमाणसाच्या मापाचा नाही, पण त्यांना चालतो. पाहुणे विचारतात, चॉकलेटी स्वेटरला निळी बाही कशी? पूर्वी हा प्रश्न आला की सूनबाई विषय बदलायची. ताई बदलू देत नाहीत.

"इस्त्री मी केली आणि नाव ह्याचं घेतलं," त्या सरळ सांगतात. एवढं ऐकलं की माझा थकवा काही वेळ उतरतो.

तेव्हा घरात माझ्यासारखं कुणी असेल तर एवढं करा. गोळे काढा, बादलीत धुवा, सावलीत वाळवा. माझ्यात जे वाईट आहे ते खुशाल चारचौघांत बोला. पण तुमच्या हातून जे झालं, ते माझ्या नावावर घालू नका. मला उलट बोलता येत नाही. आणि ज्याला येतं, तेही माणूस कधी कधी "माझीच चूक" म्हणून गप्प बसतं.