लाल दिवा गप्प का होता

माझ्या सख्ख्या बहिणीचे हात कच्चे आहेत असं कुणी म्हटलं की माझं डोकंच फिरतं. आणि साहेब तर ते सगळ्यांसमोर म्हणाले!

आमच्याकडे लिफ्टचे कंट्रोल बोर्ड बनतात. ताई खालच्या खोलीत सोल्डरिंग करते, म्हणजे सुटे भाग डाख देऊन बोर्डावर जोडते; मी वर बसून त्याच बोर्डांचे प्रोग्रॅम लिहिते. आठवडाभर बोर्ड मध्येच मान टाकत होते, आणि तेही फक्त ताईच्या टेबलावर. शेजारी बसणाऱ्या मिशीवाल्या काकांचा एकही बिघडला नाही. मग काय, निकाल लागलाच. "संध्याकाळपर्यंत दुसरं कारण सापडलं नाही, तर उद्यापासून यांनी येऊ नये," साहेब म्हणाले. ताईचं घर तिच्या एकटीच्या पगारावर चालतं. तिने नुसते हात एप्रनच्या खिशात घातले.

"प्रोग्रॅमच चुकत असला तर?" मी विचारलं.

"शक्यच नाही!" आमचा मुख्य प्रोग्रॅमर म्हणाला. त्याच्या पाठीमागे आम्ही त्याला छातीठोक म्हणतो. "स्टॅक भरला की लाल दिवा लावणारा पहारेकरी मी स्वतः बसवलाय. दिवा लागला का? नाही ना? विषय संपला."

स्टॅक म्हणजे मेमरीतली एक अरुंद जागा. प्रोग्रॅममधलं एक काम दुसऱ्याला हाक मारतं, तेव्हा आपलं सामान तिथे ठेवतं. त्यावर दुसऱ्याचं, त्यावर तिसऱ्याचं. हाका फार झाल्या की सामान शेजारच्या मेमरीत सांडतं आणि बोर्ड कोलमडतो. आपण लिहिलेलं चिपच्या भाषेत उतरवणारा कंपायलर याबद्दल अवाक्षर काढत नाही. प्रोग्रॅम एकदा चिपवर गेला की तोही आतून काही सांगत नाही. म्हणून तर तो पहारेकरी.

मी तणतणत खाली गेले. "ताई, तू बोर्ड कसा तपासतेस ते दाखव बघू. रोज करतेस तस्संच."

तिने बोर्ड लावला आणि दोन्ही तळहात पसरून सगळ्या मजल्यांची बटणं एकदम दाबली. "असं दाबलं की कच्चा सांधा लगेच कळतो गं," ती म्हणाली. बोर्ड खट्‌कन बंद पडला.

"काका, तुम्ही?"

"मी एकेक बटण दाबतो. सगळेच तसं करतात की."

मी काकांचा बोर्ड ओढला, "अगं, आता हा दाब!" म्हणून ताईपुढे ठेवला. तिने दाबला. तोही आडवा! काकांची मिशी थरथरली. "अरेच्चा! म्हणजे सोल्डरिंगचा काही संबंधच नाही!"

मी दोन-दोन पायऱ्या गाळत वर पळाले. प्रोग्रॅम सुरू व्हायच्या आधी अख्ख्या स्टॅकमध्ये एकच खूण भरून ठेवली. सामान जिथवर पोचेल, तिथवर खुणा पुसल्या जाणार. एकेक बटण दाबलं, पलीकडच्या टोकाच्या भरपूर खुणा शाबूत. ताईला वर बोलावून सगळी बटणं एकदम दाबायला लावली. बोर्ड पडला, आणि आत पाहते तर काय, एक खूण शिल्लक असेल तर शपथ! पुढचा थांबा ठरवणारं काम दाबलेल्या प्रत्येक बटणापाठी पुन्हा स्वतःलाच हाक मारत होतं.

"मग माझा पहारेकरी का बोलला नाही?" छातीठोकाचा आवाज पहिल्यांदाच बारीक झाला होता.

"तेच शोधा ना, माझ्या तोंडाकडे काय बघताय!"

तो स्क्रीनला नाक लावून बसला. मग एकदम ताडकन उठला. खुर्ची उलटी पडली. "अरे देवा! दिवा लावणारं काम स्वतःचं सामान त्याच स्टॅकवर ठेवतंय! तिथे जागाच नाही, बिचारा ओरडणार कुठून? तोच पहिला चिरडतोय!"

आम्ही दोघं एकाच कीबोर्डवर तुटून पडलो. पहारेकऱ्याला त्याची वेगळी, छोटीशी मेमरी दिली. कंपाइल केलं, चिपवर टाकलं. तोवर साहेबही दारात येऊन उभे होते. घड्याळाकडे बघायची कुणाची हिंमत नव्हती.

"ताई, दाब!"

तिने खिशातून हात काढले. दाबलं.

लाल दिवा लागला! लख्ख, टपोरा, लालभडक! "लागला, लागला!" मी किंचाळले. छातीठोकाने टाळ्या पिटल्या आणि मग, कधी नव्हे ते, ताईला हात जोडले. काका जिन्यातूनच ओरडत होते, "काय झालं? सांगा की मेल्यांनो!"

ताईने मात्र चटका बसल्यासारखे हात मागे घेतले. "पुन्हा माझंच काही बिघडलं का गं?"

मला हसू आणि रडू एकदमच आलं. "नाही गं वेडे! चूक प्रोग्रॅमची आहे, दिवा तेच सांगतोय. तुझं काही बिघडलेलंच नव्हतं. तू नीट तपासत होतीस म्हणून तुझ्याच टेबलावर बिघडत होतं. बाकीच्यांचे बोर्ड लिफ्टमध्ये माणसं बसल्यावर बिघडले असते."

साहेबांचा चेहरा उतरला. ते पुढे आले, पडलेली खुर्ची उचलली, झटकली आणि ताईसमोर ठेवली.

"बसा," ते म्हणाले. "काकांचे तयार बोर्ड खोक्यांत भरलेत. ते सगळे वर आणायला सांगतो. प्रोग्रॅम दुरुस्त झाला तरी तुमचा हात लागल्याशिवाय एकही बाहेर जाणार नाही."

ताई बसली आणि तिने बाह्या वर सारल्या.