सासूच्या नावाची होडी

मी तेनिंग बोलतेय. नाव बाईचं असलं तरी मी आहे होडी. सेनेगलच्या किनाऱ्यावर फादिऊत नावाचं शिंपल्यांचं बेट आहे, तिथली.

जोगोय सुताराने मला घडवलं. तळाला एकसंध खोड कोरलं आणि त्यावर फळ्या ठोकल्या. मला घडवून घेणारा तरणा कोळी लातीर रोज येऊन माझ्या कडेवरून हात फिरवायचा. यांदेशी त्याचं लग्न ठरायचं होतं, पण तिची आई काही केल्या होकार देईना. कोळ्याच्या घरी पोर दिली की तिने जन्मभर समुद्राकडे डोळे लावून बसायचं, असं तिचं म्हणणं. मग लातीरने काय करावं? हातभर पिवळ्या अक्षरांत माझ्या अंगावर त्या होणाऱ्या सासूचंच नाव रंगवून घेतलं.

तेनिंग बघायला आली. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "एवढी रुंद आहे होय रे मी?"

"माणसं सांभाळायची तर रुंद असावंच लागतं, मामी."

तिला हसू फुटलं. लग्न झालं.

पुढची कित्येक वर्षं मी भरलेली परत आले. सुगीत बाजरी आणि भुईमूग माझ्यातूनच यायचे, पाण्यात खांबांवर उभ्या असलेल्या कणग्यांत जायचे. ईदेला मशिदीकडच्या घरांतलं मटण आणि ईस्टरला चर्चकडच्या घरांतली शेंगदाण्याची गोड पेज, दोन्ही पातेली मी एकमेकांकडे वाहिलीत. वाटेत झाकण उघडून चाखणारेही पाहिलेत!

पण मासे आटत गेले. दूरवर मासेमारीची लोखंडी जहाजं दिसू लागली आणि आमची जाळी हलकी येऊ लागली. अशात शहरातून एक माणूस आला. तरुण पोरांना समुद्रापार स्पेनच्या बेटांवर चोरून न्यायला त्याला होडी हवी होती. लातीरने कुणाला न सांगता मला विकायचा शब्द दिला. पण बातमी फुटलीच.

तो माणूस मला न्यायला आला त्या सकाळी तेनिंग माझ्यात ठाण मांडून बसली होती. मांडीवर चघळायच्या, सुपारीएवढ्या कोला बियांची पुरचुंडी, डोक्यावर छत्री.

"मामी, उतरा."

"का म्हणून? नाव माझं आहे. विकायचं तर आम्हा दोघींना वीक. विचार त्याला, म्हातारी चालेल का. तिला चहा गोडच लागतो म्हणावं."

"आजी, माझा वेळ जातोय," तो माणूस करवादला.

"जाऊ दे की. तुझाच आहे."

काठावरचे लोक हसले. यांदे मात्र हसली नाही. गुडघाभर पाण्यात उभी राहून ती नवऱ्याला हळूच म्हणाली, "हिच्यात हा पोरं कोंबणार. उद्या त्यांतल्या एकाची आई दारात आली तर काय सांगशील?"

लातीरने त्या माणसाकडे वळून नाही म्हटलं. व्यवहार तिथेच मोडला. त्या माणसाला दुसरी होडी मिळाली. ती कुठे पोचली, हे आजवर कुणी सांगितलेलं नाही.

लातीर बरेच दिवस काठावर जुनी जाळी सांधत बसायचा. शेवटी यांदेच म्हणाली, "समुद्र देत नाही तर खाडी आहे ना. कालवं काढायला आम्ही बायका चिखल तुडवत जातो. आम्हाला ने की."

"समुद्रावरचा गडी मी. आता बायकांना फिरवू?"

"मला फिरवायला मिळावं म्हणून तर आईच्या पाया पडत होतास!"

तेव्हापासून मी खाडीत जाते. तिवरांच्या मुळांना चिकटलेली कालवं बायका खरवडून काढतात, आणि तिवरं तुटली असतील तिथे नवी रोपं खोचतात. गाणी तर अशी म्हणतात की लातीरचे कान लाल व्हावेत. हल्ली धृपद तोच धरतो. परवा त्या रोपांत माशांची पिल्लं वळवळताना दिसली, तेव्हा त्याने सगळ्यांना ओरडून बोलावलं.

माझ्या फळ्या आता कुरकुरतात. तक्रार नाही. कुठे जायचं हे होडी ठरवत नाही, वल्हं धरणारे हात ठरवतात. तुमच्या हाती वल्हं असेल तर एवढंच करा, आत कोण बसलंय ते एकदा वळून बघा.

भरती लागली. बायका टोपल्या घेऊन निघाल्यात. येते मी.