सहावं नाव

"साडेचारपट? हा आकडा कुणाच्या डोक्यातून निघाला?" व्हर्न हालासने शोधनिबंधाची प्रत टेबलावर आपटली. कपातली कॉफी हिंदकळली.

निबंधाच्या मुख्य लेखकाने, डॉक्टर प्रेंटिसने, हसून घेतलं. "व्हर्न, शांत व्हा. कॉइल तुमचीच आहे. कौतुक करायला बोलावलंय तुम्हाला."

अमेरिकेतल्या अ‍ॅक्रनच्या त्या रबर-प्रयोगशाळेत व्हर्न एकतीस वर्षं कॉइली गुंडाळत होता. चुंबकाच्या पोटात, रबराचा नमुना भरलेल्या नळीभोवती बसणारं तांब्याचं वेटोळं. ते नळीला जितकं घट्ट बिलगेल, तितका रेणूंचा क्षीण संकेत स्पष्ट. निबंधातली ही कॉइल त्याने भिंगाखाली अकरा वेळा उकलून पुन्हा गुंडाळली होती. आणि एकतीस वर्षांत पहिल्यांदाच निबंधावर त्याचं नाव येणार होतं. सहावं, सगळ्यात शेवटचं, पण नाव. बायकोने, इलोनाने, अख्ख्या चर्चभर सांगूनही टाकलं होतं.

"माझी कॉइल जुनीच्या दुप्पट संकेत देते. मी स्वतः मोजलंय. वरचं कुठून आणलंत?"

"आलेख जरा गुळगुळीत केलाय. सगळेच करतात."

"मग दोन्ही आलेखांना करा ना! जुन्या कॉइलच्या आलेखाला हात लावला नाहीत आणि माझ्या आलेखावर इस्त्री फिरवलीत. वा रे वा!" त्याने कागदावर बोट रोवलं. "आणि इथे, या मोठ्या शिखराशेजारी, एक बारकं शिखर होतं. रबराच्या साखळीला फांद्या फुटल्याची खूण. ती दिसावी म्हणून तर मी डोळे फोडले! तुमच्या इस्त्रीत नेमकी तीच गेली."

"परीक्षकांना आकडा लागतो, व्हर्न." प्रेंटिसने संमतीचा कागद पुढे सरकवला. सहाही लेखकांच्या सह्या हव्या होत्या. पाच झाल्या होत्या. "वसंतात तुम्ही निवृत्त होताय. पुन्हा अशी संधी यायची नाही."

ते खरं होतं, म्हणूनच व्हर्नच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हा माणूस त्याला त्याच्याच कामाची लाच देत होता!

"तुमचं खोटं तुम्ही खुशाल छापा. माझ्या नावावर खपवू नका."

त्याने पेन उचललं, आपल्या नावावर काट मारली आणि बाहेर पडला. कॉरिडॉरमधूनच घरी फोन लावला.

"इलोना, नाव येत नाहीये."

"अरे देवा! काढलं मेल्यांनी?"

"नाही. मी काढलं."

इलोना म्हणाली, "किती राबलास रे त्यासाठी."