टाचा घासायचा दगड

मित्रांनो, जेवत असाल तर आधी जेवून घ्या. माझी गोष्ट ताटावर बसून ऐकण्यासारखी नाही.

मी एक जुना, काळपट, भोकाभोकांचा दगड आहे. न्हाणीघरात साबणाच्या वडीशेजारी पडलेला असतो, आणि लोक ज्याने टाचा घासतात, तोच मी. माझा जन्म मात्र आगीत झाला. डोंगराच्या पोटातून उकळता रस उसळला, हवेत फेसाळला आणि थिजला. तो फेस म्हणजे मी. तेव्हा माझ्या प्रत्येक भोकात नुसता वारा होता. मग कुणीतरी मला फोडलं, तळहाताएवढं कापलं, कडा गोल केल्या आणि हातगाडीवर कंगव्यांच्या रांगेत मांडलं. किती स्वच्छ होतो मी!

आज ज्या या घरच्या सासूबाई आहेत, त्यांनी मला विकत घेतलं. त्या वेळी त्या तरुण होत्या. आठवड्यातून एकदा त्या मला हलक्या हाताने टाचांवरून फिरवत आणि शेजारणींना कौतुकाने सांगत, "असा दगड आता शोधून सापडायचा नाही." ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे घरात सून आली. ती बुटांच्या दुकानात कामाला लागली. दिवसभर लोकांसमोर उकिडवं बसायचं, त्यांच्या पायांत बूट चढवायचे, लेस बांधायच्या, अंगठ्यापाशी दाबून "घट्ट होतोय का?" म्हणून विचारायचं. पहिल्याच थंडीत तिच्या टाचांवर खडूसारखी पांढरी भुकटी दिसू लागली. दुसऱ्या थंडीत रेघा उमटल्या. तिसऱ्या थंडीत इतक्या भेगा पडल्या की मोजा काढताना त्याचा धागा अडकायचा आणि ती ओठ दाबून "स्स" करायची. नडग्यांवर माशासारखे खवले आले होते. बोटांची पेरं फुटली होती.

रोज संध्याकाळी ती टबात कढत पाणी ओतून पाय बुडवी आणि मला हातात घेई. मित्रांनो, त्यानंतर माझ्या भोकांत जे शिरायचं ते कसं सांगू? मेलेल्या कातडीचा करडा लगदा. त्यात मोज्यांचा आंबट वास, गुंतलेले केस, साबणाचा बुळबुळीत थर. तो तिथेच वाळायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा भिजायचा. एकदा तर माझ्या एका भोकातून बारीकशी अळी बाहेर आली. मला हात असते तर मी स्वतःला खिडकीतून फेकून दिलं असतं.

नवरा बिचारा साधा माणूस. तो दर पंधरवड्याला नवं क्रीम आणी. फळीवर डब्या आणि ट्यूबांची रांग लागली होती. झाकणांवर केस चिकटलेले, कडांना पिवळी साय धरलेली. वरून गुलाबाचा वास आणि खालून टाचांचा! त्या दोन वासांची जी खिचडी व्हायची, ती माझ्या भोकाभोकांत मुरायची.

सासूबाई दाराशी स्टुलावर बसून सुनेशी बोलत.

"डबा आजही तसाच परत आणलास?"

"वेळ नाही मिळाला, आई."

"मग खाल्लंस काय?"

"चहा-बिस्किटं."

"अगं, बारीक व्हायचंय की काय तुला? आधीच काडी झालीयेस!"

सून हसून विषय बदलायची.

एके दिवशी ती रडतच घरी आली. दुकानात ती एका बाईंना पांढरे बूट घालून दाखवत होती. चवड्यांवर बसल्या बसल्या टाचेची भेग उकलली. रक्त मोज्यातून झिरपलं आणि गालिच्यावर त्याचा डाग पडला. त्या बाईंनी झटकन पाय मागे ओढले आणि म्हणाल्या, "शी! हे काय?" मालकांनी सगळ्यांदेखत सुनावलं, "उद्या पाय नीट करून ये, नाहीतर येऊच नकोस."

त्या संध्याकाळी तिने मला असं घासलं की जणू टाचा खरवडून काढूनच टाकायच्या आहेत. माझ्या भोकांत रक्त आलं. त्या रक्ताची मला जराही किळस वाटली नाही. त्या "शी"ची मात्र अजून वाटते.

दोन दिवसांत तिला हुडहुडी भरून ताप आला. पाय सुजला. सासूबाईंनी रिक्षा बोलावली आणि निघताना मला प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पर्समध्ये टाकलं. कशाने घासते ते डॉक्टरांना दाखवायचं होतं. असा मी या घरात आल्यापासून पहिल्यांदाच न्हाणीघराबाहेर पडलो.

डॉक्टरबाईंनी टाच पाहिली. मग डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली, जीभ पाहिली. लघवी आणि रक्त तपासायला घेतलं.

"थंडीत कातडी कोरडी पडतेच," त्या म्हणाल्या. "पण एवढी? दिवसभर पाणी किती पिता?"

सुनेने बोटांनी अर्ध्या पेल्याची खूण केली.

"लघवीला किती वेळा जाता?"

"सकाळी निघताना. मग घरी आल्यावर."

"मध्ये एकदाही नाही? का?"

सुनेने मान खाली घातली. "दुकानाच्या मागे आहे संडास. पण तिथे जाववत नाही हो. पाणी प्यायलं की जावं लागतं. जेवलं की पाणी लागतं. म्हणून मी दोन्ही बंद केलं."

सासूबाईंचा चेहरा पांढराफटक पडला. इतके दिवस त्या तिला काडी म्हणून चिडवत होत्या.

डॉक्टरबाई समजावून म्हणाल्या, "ताप लघवीच्या जंतुसंसर्गाचा दिसतोय, आणि भेगेत जंतू गेल्याने पाय सुजलाय. पापणी फिकी आहे, म्हणजे रक्तही कमी असणार. शरीराला मिळतं त्यातलं आधी आतल्या अवयवांना जातं. कातडीचा नंबर शेवटी लागतो. गोळ्या देते, मलमही देते, पण ते वरचं काम. पालेभाजी, डाळ, अंडी, शेंगदाणे आणि पाणी पोटात गेल्याशिवाय नवी कातडी धड येणार कुठून? आणि हा दगड काही दिवस बंद. कढत पाण्यात भिजवून खरवडलं की होतं नव्हतं तेलही निघून जातं."

सासूबाईंनी लेकाला बोलावून घेतलं, सुनेला त्याच्याबरोबर घरी पाठवलं आणि स्वतः तडक दुकान गाठलं. मी पर्समध्येच होतो. पर्सची चेन अर्धी उघडी होती.

"मालक, तुमचा संडास कुठे आहे?"

"आजी, तो गिऱ्हाइकांसाठी नाही."

"मी गिऱ्हाईक नाही. तुमच्याकडे काम करणाऱ्या मुलीची सासू आहे."

त्या मागच्या जिन्याखाली गेल्या. मित्रांनो, मी मळ खाऊन जगलेला दगड. पण तिथे मला वाटलं, आपण तर देवघरात राहत होतो! दाराला कडी नव्हती, एक सुतळी होती. भांड्याच्या कडेला पिवळी पुटं, तळाशी काळं पाणी. फरशीवर कुणाकुणाच्या ओल्या पावलांचा चिखल. कोपऱ्यातल्या बादलीवर माशांचं मोहोळ. वास तर असा की डोळ्यांत पाणी यावं.

सासूबाई नाकाला रुमाल लावून बाहेर आल्या आणि भर दुकानात उभ्या राहिल्या.

"मालक, तुम्ही स्वतः कुठे जाता?"

मालक गडबडले. "मी... मी समोरच्या हॉटेलात जातो."

मागून दुसरी एक विक्रेती हळूच म्हणाली, "आजी, आम्हीपण पाणी पीत नाही." तिच्या शेजारची नुसती मान डोलावत राहिली. एका पायात नवा बूट घालून बसलेल्या बाईंनी तो काढून ठेवला आणि म्हणाल्या, "आधी ते साफ करा. मग बूट बघते."

"उद्या बघतो," मालक पुटपुटले.

"उद्या नाही. मी बसलेय इथे." आणि सासूबाई खरोखरच गिऱ्हाइकाच्या स्टुलावर ठाण मांडून बसल्या. सफाईवाला येऊन काम संपेपर्यंत आणि सुतार कडी ठोकून जाईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.

सून बरी होऊन पुन्हा कामावर गेली. जादू काही झाली नाही. मालक अधूनमधून सफाईत टाळाटाळ करतात, मग तिघी विक्रेत्या मिळून आवाज चढवतात. पण डबा आता रिकामा परत येतो. टाचांवरची भुकटी आधी गेली, मग भेगा कडेकडेने मिटल्या. पुढच्या थंडीपर्यंत खाली गुलाबी, मऊ कातडी आली होती. एका खोल भेगेची खूण मात्र राहिली आहे.

मला त्यांनी उकळून, ब्रशने घासून खिडकीत ठेवलं आहे. हल्ली माझी आठवण कुणाला फारशी येत नाही. या दुर्लक्षाची माझी मुळीच तक्रार नाही.

मित्रांनो, तुमच्या घरातही कुणीतरी थकून परत येत असेल. त्याचे ओठ फुटलेले असतील, हात पांढरे पडलेले असतील, पाय उलले असतील. त्याच्यासाठी क्रीम जरूर आणा. पण त्याआधी जवळ बसून विचारा, "आज जेवलास का? पाणी प्यायलास का? तिथे संडासला जायची सोय आहे का?" विचारायला लाज वाटली तरी विचारा. मी तीन हिवाळे रोज तिच्या टाचेला टेकून होतो, पण दगडाला विचारता येत नाही. तुम्हाला येतं.