धरून चाललेला बर्फ

तिने चित्रातला बर्फ पुसला आणि संगणकाला पुन्हा पहिल्यापासून कामाला लावलं.

पुसला म्हणजे नुसता अंदाजातून काढला. या बारमाही गोठलेल्या मुलखात समुद्राच्या तळावर केबल अंथरायची, तिच्यातून खाली वीज सोडायची. गोठलेली माती विजेला अडवते, बर्फ वितळलेली खारट माती वाट देते. एवढ्यावरून संगणक तळाखालचं चित्र काढतो. पण त्याला आधी एक अंदाज द्यावा लागतो. जुन्या खोदकामात बर्फ लागला होता, म्हणून आजवर ती "खाली बर्फ आहे" इथूनच सुरुवात करत आली होती.

"बघू, न सांगता सापडतो का," ती म्हणाली.

"तुमचं यंत्र म्हणजे आमच्या सासूबाई," उंबऱ्याशी ओली केबल गुंडाळत बसलेला केबलवाला म्हणाला. "आधी ठरवतात, मग तपासतात."

ती हसली. पडद्यावर चित्र उमटू लागलं तसं ते हसू ओठांवरच वाळलं. किनाऱ्यालगत, जिथे कालपर्यंत बर्फाचा जाड निळा पट्टा होता, तिथे नुसता मातकट रंग. तिने दोन्ही चित्रं मोजमापाशी ताडून पाहिली. दोन्ही सारखीच जुळत होती. म्हणजे तिथलं मोजमाप काही बोलतच नव्हतं. तिने घातलेलंच तिला परत मिळत होतं. आडात काय आहे कुणास ठाऊक, पोहरा तिने वरूनच भरून सोडला होता.

"काय झालं?" केबलवाल्याने विचारलं.

"तिथे काठावर आमच्या वन्सं राहतात."

मागल्या वर्षी नणंदेला तिनेच सांगितलं होतं, घराखालून पार समुद्रात पक्का बर्फ गेलाय, खुशाल मजला चढवा. इथली घरं त्या गोठलेल्या मातीवरच उभी; ती वितळली की घर खचतं. तिने फोन लावला.

"वन्सं, गवंडी आला का?"

"आलाय की. चहा पितोय. होऊ दे बाई ती वरची खोली एकदाची, नाहीतर सून आणि मी एकमेकींच्या डोक्यावर मिऱ्या वाटत बसू."

"त्याला थांबवा. खाली बर्फ आहे की नाही, मला माहीत नाही."

पलीकडे बशी ठेवल्याचा आवाज झाला.

"तूच म्हणालीस ना, आहे म्हणून?"

"मी तसं धरून चालले होते."

नणंद आवाज खाली आणून म्हणाली, "अगं, इथं दारं लागत नाहीत. सुतार कितीदा तासून गेला. म्हणाला, समुद्राची हवा, लाकूड फुगतं. मलाही पटलं. खाली बर्फ आहे म्हटल्यावर दोष लाकडाचाच, नाही का?"

केबलवाल्याचे हात थांबले होते.

फोनमधून दार लोटल्याचा आवाज आला. थोडं थांबून पुन्हा आला, या वेळी खांदा लावून लोटल्यासारखा.