टोपीत अडकलेली बी

मी मिरचीची बी बोलतेय. साधीसुधी मिरची नव्हे. माझ्या आईला चिरताना माणसं हातमोजे घालतात आणि तरी खोकत सुटतात. घराण्याचा हा तोरा मी जरूर मिरवला असता, पण सध्या माझाच जीव टांगणीला लागलाय.

आम्ही पाच बहिणी एका पाकिटातून या घरी आलो. घर कॅन्टीनच्या आचाऱ्याचं. तापातून उठल्यापासून याच्या जिभेची चव गेलीय. भाजीत मीठ किती, हे तो आता हाताखालच्या माणसांना विचारतो आणि विचारताना खाली बघतो. पाकिटावर त्याच्या मेहुणीनं लिहिलं होतं, 'भावोजी, चव नाही कळली तरी ही झोंबेल नक्की.' तेव्हापासून त्याची सगळी आशा आमच्यावर.

त्यानं आम्हांला ओल्या टिशू पेपरात गुंडाळून डबीत घातलं आणि डबी फ्रीजवर ठेवली, कारण तिथं ऊब असते. आमच्या जातीला रुजायला महिनाही लागतो. आचाऱ्याला मात्र सगळं तीन शिट्ट्यांत तयार लागतं. चौथ्या दिवसापासून तो रोज झाकण उघडून टूथपिकनं आम्हांला उलटंपालटं करू लागला.

"उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग," बायको म्हणायची. "आणि तो नेमका माझ्याच वाट्याला यावा."

मधलीला पांढरा मोड आला होता. टूथपिक लागली आणि तो तुटला. त्या दिवशी आचारी धड जेवला नाही. पुढे दोघींना बुरशी लागली, चौथी सुकून गेली. उरले मी. आतून मोड ढकलत होता, पण झाकण वाजलं की मी भीतीनं आखडून जायचे.

सव्विसाव्या दिवशी तो म्हणाला, "जाऊ दे. टाकून देतो."

"तुम्हालाही तापातून उठायला महिना लागला होता," बायको म्हणाली. "मी टाकून दिलं का तुम्हाला?"

त्यानं डबी परत फ्रीजवर ठेवली, आणि दोन दिवसांनी मला मोड आला. त्यानं मला चमच्यानं उचलून मातीच्या कपात ठेवलं. आठवड्यात मी मातीबाहेर आले खरी, पण माझं कवच टोपीसारखं डोक्यावर अडकून बसलंय. आत दोन्ही पानं दुमडलेली आहेत. ती उघडली नाहीत तर मी जगणार नाही.

आज सकाळी तो चिमटा घेऊन आला. ओढलं असतं तर माझी मान मोडली असती.

"अहो, आधी ओलं तरी करा," बायको स्वयंपाकघरातून म्हणाली.

पाण्याचा थेंब ओघळून गेला. मग त्यानं बोट जिभेला लावून माझ्या टोपीवर हलकेच टेकवलं. थुंकी टिकली. पुन्हा ओलं करायला त्यानं तेच बोट जिभेवर ठेवलं आणि तसाच उभा राहिला.

"अगं, इकडे ये," तो म्हणाला. "झोंबतंय."

ती हातातलं काम टाकून धावत आली. दोघं आता माझ्यासमोर उभी आहेत आणि तो डोळे पुसतोय. पुसा हो, पण त्या बोटानं नको. आणि तो चिमटा तेवढा लांब ठेवा. माझी टोपी अजून निघायचीय.